शुल्क सरकारचे किती, कुरिअरचे किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैयक्तिक वापरासाठी परदेशातून मागवलेल्या वस्तूंवरचे मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणण्याची घोषणा २०२६-२७च्या अर्थसंकल्पात झाली. स्वागतार्हच आहे. काही वर्षांपूर्वी हाच दर ३५ टक्के होता. त्यावर समाजकल्याण अधिभार आणि २८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) धरला की हजार रुपयांच्या वस्तूवर ७७२ रुपये ८० पैसे कर बसायचा. पण पार्सल दारात आल्यावर जी रक्कम मागितली जाते ती सगळी कराची नसते. कर उतरू लागला तसा त्या रकमेतला दुसरा भाग, म्हणजे कुरिअर कंपनीचे हाताळणी शुल्क, आता जास्त टोचणार आहे. त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

पुस्तकाचे उदाहरण घेऊ, कारण त्यात हिशेब सोपा आहे. चार हजार रुपयांचे एक पुस्तक विमानाने मागवले आणि वाहतुकीला दीड हजार पडले. कस्टम्स कर लावते तो केवळ पुस्तकाच्या किमतीवर नाही. त्यात वाहतूक आणि विमा मिळवला जातो. मात्र विमानाने आलेल्या मालाची वाहतूक मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरता येत नाही. म्हणजे दीड हजार खर्च झाले तरी हिशेबात ८००च येतात. विम्याचा आकडा उपलब्ध नसेल तर १.१२५ टक्के, म्हणजे ४५ रुपये. एकूण ४,८४५. छापील पुस्तकाची नोंद सीमाशुल्काच्या वर्गवारीतल्या ४९०१ या शीर्षाखाली झाली तर मूळ शुल्क ५ टक्के, त्या शुल्काच्या १० टक्के अधिभार आणि आयजीएसटी शून्य. सरकारचे झाले सुमारे २६६ रुपये. कुरिअरचे किमान हाताळणी शुल्क समजा ५०० असेल, तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५९० होतात. कराच्या दुपटीहून जास्त!

हे शुल्क कंपनी घेते ते कागदपत्रे दाखल करण्याबद्दल आणि ग्राहकाच्या वतीने कर आधी भरल्याबद्दल. काम खरे आहे, त्याचे पैसे घेण्यात गैर काही नाही. साधारणपणे ते भरलेल्या कराच्या ठरावीक टक्के किंवा एक किमान रक्कम, यांतले जे जास्त असेल ते, असे असते. त्यामुळे महागड्या वस्तूवर ते जाणवत नाही, पण पुस्तक, चष्म्याची फ्रेम, शिलाई मशीनचा एखादा सुटा भाग अशा छोट्या खरेदीला किमान रकमेचा फटका बसतो. आणि मुख्य मुद्दा असा की कुरिअर कंपनी निवडतो परदेशातला विक्रेता. जो पैसे भरतो त्याला ना कंपनी निवडता येते, ना दर आधी कळतो. माल विमानतळावर आल्यावर मोबाइलवर एक लिंक येते आणि तिच्यात एकच आकडा असतो.

तो आकडा फोडून मागण्याचा आग्रह प्रत्येकाने धरावा. कुरिअर कंपनी कस्टम्सकडे ‘कुरिअर बिल ऑफ एन्ट्री’ भरते. त्यात वस्तूचे वर्णन, शीर्षाचा क्रमांक, विनिमय दर, मूल्य आणि प्रत्येक कर वेगळा लिहिलेला असतो. त्याची प्रत ईमेलने मागवावी आणि कंपनीच्या स्वतःच्या बिलाशी ताडून पाहावी. बिलात सीमाशुल्क ‘ग्राहकाच्या वतीने भरलेली रक्कम’ म्हणून वेगळे दाखवले असेल तर त्यावर पुन्हा जीएसटी लागू नये. तो फक्त कंपनीच्या सेवेवर लागतो. सगळे एका ओळीत कोंबले की ही चूक पकडताच येत नाही.

प्रत हाती असली की दुसरी चूकही सापडते. बरेचदा सोयीसाठी पुड्यातले सगळे काही ९८०४, म्हणजे वैयक्तिक वापराच्या वस्तू, या शीर्षाखाली नोंदले जाते आणि मग पुस्तकावरही नको तो कर बसतो. इथे घाई महत्त्वाची. परताव्याच्या अर्जाला पैसे भरल्यापासून एक वर्षाची मुदत आहे हे अनेकांना ठाऊक असते, म्हणून ते निवांत राहतात. पण मूळ करआकारणीच चुकली असेल तर आधी ती बदलून घ्यावी लागते, नुसता परताव्याचा अर्ज टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि आयुक्तांकडे अपील करायला मिळतात ६० दिवस. त्याहून सोपा उपाय म्हणजे माल सुटण्याआधीच कंपनीला ईमेल करून योग्य शीर्ष कळवणे.

मागवतानाच थोडी काळजी घेतली तर बऱ्याच गोष्टी टळतात. विक्रेत्याच्या संकेतस्थळावर कर आधीच भरण्याची सोय असेल तर ती घ्यावी, बहुधा हाताळणी शुल्काचा वेगळा भुर्दंड बसत नाही. पत्त्यावर ‘एस. पाटील’ आणि आधार कार्डावर संपूर्ण नाव असा घोळ झाला की केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, अडकते, पार्सल सहारच्या (मुंबई विमानतळावरच्या) गोदामात पडून राहते आणि साठवणुकीचे पैसे चढू लागतात. सवलतीत घेतलेल्या वस्तूचे बिल आणि बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा जवळ ठेवावा. जाहीर केलेली किंमत शंकास्पद वाटली तर अधिकारी ती नाकारू शकतात. पाठवणाऱ्याला ‘गिफ्ट’ लिहायला सांगून कर वाचत नाही. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची सूट डिसेंबर २०१९ मध्येच गेली, राखी आणि जीवरक्षक औषधे एवढेच अपवाद राहिले. ड्रोन तर कर भरूनही येत नाही, फेब्रुवारी २०२२ पासून त्याच्या आयातीवर बंदी आहे. पैसे आणि वस्तू दोन्ही जातात.

वस्तू सदोष निघाली तर भरलेला कर बुडालाच असे समजू नये. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २६अ नुसार, माल सोडल्याच्या आदेशापासून ३० दिवसांत ती परत निर्यात केली आणि सहा महिन्यांत अर्ज केला तर आयातशुल्क परत मिळू शकते. फक्त ती वापरलेली नसावी आणि आयात केलेली वस्तू तीच आहे हे ओळखता यायला हवे. म्हणून खोके उघडतानाच अनुक्रमांकाचा फोटो काढावा. हाताळणी शुल्क मात्र या परताव्यात येत नाही.

‘कस्टम्समधून बोलतोय, पार्सल अडकले आहे’ असे सांगून खासगी खात्यात पैसे मागणारे फोन वेगळेच. त्याचा वरच्या कशाशीही संबंध नाही. कस्टम्सच्या खऱ्या पत्रावर ‘डिन’ हा ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

केंद्राकडे मागणी दोनच गोष्टींची आहे. पैसे मागणाऱ्या संदेशातच कर आणि हाताळणी शुल्क वेगवेगळे दाखवणे आणि त्यासोबत बिल ऑफ एन्ट्रीची प्रत देणे कुरिअर कंपन्यांना बंधनकारक करावे. आणि कर हाताळणी शुल्कापेक्षा कमी असेल तिथे किमान रकमेचा नियम लावू देऊ नये. तोवर ज्यांना फोडलेले बिल नाकारले जाते त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक त्याच ईमेलमध्ये कंपनीला कळवावा.

— एक वाचक, डोंबिवली