आई-बाबा, अजून दोन वर्षं आरासलाच

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई तू रडली असतीस आणि बाबा तुम्ही "बरं बरं" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला असतात, म्हणून लिहितेय. मी अजून दोन वर्षं इथे फ्रान्समध्ये, आरासलाच राहतेय. सोमवारी सही केली. (आई, गावाचं नाव ऐकून अजून गणपतीच आठवतो ना?)

आधी विचारायला हवं होतं, कळतंय. पण माओचे जुने हिशेब वाचायचं काम अर्धवट टाकून येववेना. चीनवाला माओ नाही हो बाबा, ही सातशे वर्षांपूर्वीची, उत्तर फ्रान्समधल्या आर्त्वा परगण्याची काउंटेस, म्हणजे तिथली मालकीण. बाप 1302 मध्ये कूर्त्रेच्या लढाईत मेला, भाऊ आधीच गेलेला, भावाचा मुलगा रोबेर तेव्हा लहान. आपल्याकडे सातबारा सरळ त्याच्या नावावर झाला असता. पण तिथली रीत अशी की बाप आजोबांच्या आधी गेला तर नातवाला बापाच्या जागी उभं राहता येत नाही, जिवंत लेकरू वारस, मुलगी असली तरी. जमीन माओला! रोबेर दावा लावून 1309 ला हरला, 1318 ला पुन्हा हरला, मधे सरदारांनी बंड करून तिचा एदँचा वाडा लुटला, राजाला विष घातल्याचा आळ आला, त्यातून सुटली तर त्याच वर्षी पोरगा गेला. आणि त्याच 1317 च्या जानेवारीत जावई राजा झाला तेव्हा मुकुटाला हात लावणाऱ्यांत ही होती, बायकांनी असलं काही करायचं नसतं म्हणून लोक कुजबुजले. 1329 ला ती गेल्यावर रोबेरने खोटे कागद काढले आणि शेवटी हद्दपार झाला.

हे वाचताना आत्या डोळ्यासमोर येते, हक्कसोडवर सही करून लगेच चहा टाकायला उठलेली. बाबा, टोचायला नाही लिहिलं, तेव्हा सगळ्या घरात तसंच व्हायचं, तुमचं एकट्याचं काही... जाऊ दे, आल्यावर बोलू.

एदँच्या बागेत यंत्राची माकडं होती, त्यांच्या केसाळ कातड्याचा खर्चसुद्धा माओच्या हिशेबात आहे. तुम्ही सोसायटीच्या वहीत बेरजा करायचात, मी मांडीवर बसून तपासायचे, चूक सापडली की लिमलेटची गोळी. तसंच वाटतं अजून.

खोलीत हीटर छान चालतो, तूरडाळ लिलहून आणते, रात्री उशिरा एकटी फिरत नाही. आता ऐका. बाबा, बीपीची गोळी नाश्त्यानंतर रोज, "आज बरं वाटतंय" हे कारण चालणार नाही. आई, माळ्यावरचं काढायला स्टूलवर चढायचं नाही, गुडघ्याचं डॉक्टरांना या आठवड्यात दाखव, रिपोर्टचा फोटो मला. रागावले नाहीये गं, इथून दुसरं काय करू शकते.

डिसेंबरचं तिकीट काढलंय, तीन आठवडे. लोणचं आत्ताच भरून ठेवू नकोस. आणि आत्याचा नवीन नंबर पाठवा, जुना लागत नाही.

तुमची,
चिमी