सुरोविकिनचं अख्खं करिअर छापा

संपादक महोदय, नमस्कार.

तुमच्या पेपरात युक्रेन युद्धाचं जे येतं ते मी रोज वाचतो, पण रशियन जनरल सर्गेई सुरोविकिनचा विषय निघाला की 'जनरल आर्मागेडॉन' (म्हणजे महाविनाशाचा जनरल) हे टोपणनाव एवढंच छापून येतं. आणि इकडं जुळे सोलापुरात भरतीची तयारी करणारी पोरं त्याचे रील्स स्टेटसला लावतात, लई कडक माणूस म्हणून. अहो पण त्याचं अख्खं करिअर बघितलं तर डोकं फिरतं.

ऑगस्ट १९९१ ला मॉस्कोत सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचोव्हविरुद्ध बंड झालं तेव्हा हा चोवीस वर्षांचा कॅप्टन, बटालियन त्याच्या हाताखाली. रात्री गार्डन रिंग या तिथल्या रिंगरोडच्या बोगद्यापाशी लोकांनी त्याच्या चिलखती गाड्या अडवल्या, आतल्या ड्रायव्हरला दिसू नये म्हणून वर ताडपत्र्या टाकल्या, आणि त्या गोंधळात तीन माणसं जिवानिशी गेली. बंड फसलं, हा काही महिने आत होता, मग वरचा हुकूम पाळला म्हणून सोडून दिला आणि वर मेजर केला! आपल्या शहरानं १९३० चा मार्शल लॉ भोगलाय, धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेलेत, त्यामुळे रस्त्यावर फौज उतरली की काय होतं हे इथल्या पोरांना तरी माहीत पाहिजे.

पुढं चेचन्यातलं युद्ध, मग २०१७ ला सीरियातल्या रशियन फौजांचा प्रमुख, 'हिरो ऑफ रशिया', हवाई दलाचा प्रमुख. सीरियातल्या इडलिबमधल्या शाळा-दवाखान्यांवरच्या हल्ल्यांबद्दल ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेनं २०२० ला ज्या कमांडरांची नावं घेतली त्यात हा होता, तरी रशियात त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. ८ ऑक्टोबर २०२२ ला युक्रेन युद्धाची सगळी सूत्रं त्याच्याकडं आली, दोन दिवसांत कीव्हवर मिसाइल पडले आणि मग हिवाळाभर लोकांची वीज तोडायचं काम चाललं.

लष्करी अक्कल आहे हे मान्य. युक्रेनमधल्या खेरसोन शहरातून फौज नदीपार काढली आणि सुरुंग, खंदकांची जी फळी उभी केली तिनं २०२३ ला युक्रेनचा हल्ला अडवला. तरी जानेवारीतच त्याच्या वर रशियाचा लष्करप्रमुख गेरासिमोव्ह आणून बसवला होता.

आणि शेवटी गेला कशानं? जून २०२३ ला वॅग्नर या खाजगी फौजेचा मालक प्रिगोझिन यानं बंड केलं, त्या रात्री याचा व्हिडिओ आला, हात बंदुकीवर, अडखळत वॅग्नरवाल्यांना मागं फिरा म्हणतोय. त्यानंतर गडी गायबच, आणि ऑगस्टमध्ये हवाई दल काढून घेतलं. प्रिगोझिनशी जवळीक म्हणून संशय होता, असंच सगळीकडं आलं. म्हणजे दवाखान्यांवर बॉम्ब पडले तेव्हा पदक, आणि सत्तेला नुसता संशय आला तर खुर्ची गेली.

माझी कळकळीची विनंती आहे, रविवारच्या पुरवणीत हे सगळं सविस्तर द्या, १९९१ पासून, आणि मेलेल्या त्या तिघांची नावंही द्या: दिमित्री कोमार, व्लादिमिर उसोव्ह, इल्या क्रिचेव्हस्की.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर