आधी चार्जिंग, मग फटाके

पुणे

प्रिय मधू,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. सकाळी तुझ्या जुन्या गाडीचा सेल्फ (स्टार्टर) रडत फिरतो, रात्री हेडलाइट पिवळे पडतात आणि सासवडहून येताना दिवे घाटात सायलेन्सर फटाके फोडतो. या तुला दोन तक्रारी वाटतात, पण मला त्यांचं मूळ एकच असावं असं वाटतं. म्हणून नवी बॅटरी आणि नवा कार्ब्युरेटर, दोन्ही खरेदी थांबव. आधी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घे.

गाडी रात्रभर उभी राहू दे. सकाळी सेल्फ मारण्याआधी बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर मोज. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. सेल्फ फिरत असताना आकडा १० च्या खाली जायला नको. मग इंजिन चालू करून थोडी रेस दे. १३.८ ते १४.४ आला तर चार्जिंग ठीक. हेडलाइट आणि वायपर लावून पुन्हा पाहा, तेव्हा १३.५ च्या फार खाली उतरला तर अल्टरनेटरला (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला) भार पेलत नाही, किंवा त्याचा करंट वाटेत अडतोय. १४.८ च्या वर गेला तर रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, बिघडलाय. तो बॅटरीचं पाणी उकळून संपवेल.

करंट वाटेत अडणं हे जुना डायनामो काढून त्याजागी अल्टरनेटर बसवलेल्या गाड्यांचं नेहमीचं दुखणं. तुझ्या गाडीतही डायनामोच्या काळातलीच वायर असणार. इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर धर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर किंवा तिच्या टोकाची थिंबल खराब. तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचं मायनस यांच्यात मोज, तिथे ०.२ च्या वर गेलं तर अर्थिंग कच्चं. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडव, गंज पॉलिश पेपरने घासून धातू चमकेपर्यंत साफ कर आणि घट्ट बसव. नवी वायर ओढायची तर ६ चौरस मि.मी. जाडीची घे.

अल्टरनेटरचा पट्टा दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबून १० ते १२ मि.मी. दबला पाहिजे. आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत झाली असेल तर ताणून उपयोग नाही, बदल. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो का, तेही बघ. अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट बहुधा त्या दिव्यातूनच मिळतो, त्यामुळे बल्ब गेला की चांगला अल्टरनेटरही चार्ज करेनासा होतो. दिवा लागत नसेल तर त्याची वायर अल्टरनेटरवरून काढून इंजिनाच्या धातूला टेकव. आता लागला तर दोष आतल्या कार्बन ब्रशमध्ये किंवा रेग्युलेटरमध्ये, नाहीतर बल्ब किंवा वायर पाहा. आणि कुणीही सांगितलं तरी चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘टेस्ट’ करू नकोस. डायनामोला ते चालून जायचं, अल्टरनेटरचे डायोड त्यात उडतात.

आता फटाके. ठिणगीसाठी वीज वाढवणाऱ्या कॉइलला मिळणारं व्होल्टेज १० टक्के घटलं की ठिणगीची ताकद जवळजवळ १९ टक्के घटते. ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल गरम सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. म्हणून इंजिन चालू असताना कॉइलच्या प्लसवर मोज. बॅटरीच्या आकड्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घट दिसली तर चावीच्या स्विचचे आतले पॉइंट झिजलेत.

ते नीट असेल तर डेल्को, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, उघड. त्यातल्या उघडझाप करणाऱ्या पॉइंटचा गॅप फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्टीने) साधारण ०.४५ मि.मी. ठेव. पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडतं. मग जळणं उशिरा संपतं आणि सायलेन्सर तापून फटाके फुटतात. त्यामुळे गॅप बदललास की टायमिंगही पुन्हा लाव. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड झालं असेल तर कंडेन्सर बदल. तो नाना पेठेत सहज मिळेल, पण नवाही लगेच बिघडू शकतो, म्हणून जुना फेकू नकोस. डेल्कोच्या झाकणात आत केसासारखी काळी रेघ दिसली तर ती चीर. पावसाळ्यात ठिणगी तिथून पळते. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमानेच आहेत ना, तेही पाहा.

फटाका कुठून येतो ते मात्र नीट ऐक. कार्ब्युरेटरमधून ‘फुस्स-ठप’ होत असेल तर मिश्रण पातळ आहे (हवा जास्त, पेट्रोल कमी), किंवा इनलेट व्हॉल्व नीट बसत नाही. चोक थोडा ओढल्यावर थांबलं तर मिश्रणच पातळ: कार्ब्युरेटरचा जेट तुंबलाय किंवा इनलेट मॅनिफोल्डचं गॅस्केट हवा ओढतंय. चालू इंजिनावर गॅस्केटच्या कडेने थोडं पाणी शिंपड; आवाज बदलला की गळती सापडली. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मिश्रण आणखी पातळ होतं आणि जुने रबरी पाइपही खराब होतात, तेव्हा ते आधी बदल. पेट्रोल झिरपत असेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेव.

घाटात पाय उचलल्यावर फक्त सायलेन्सरमधूनच फुटत असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून सायलेन्सरपर्यंतचे सांधे तपास. तिथून हवा आत शिरते आणि उरलेलं पेट्रोल पेटवते; काळी काजळी दिसेल ती जागा. उतारावर पेट्रोल वाचवायला चावी बंद करत असशील तर ते थांबव. सायलेन्सरमध्ये साठलेलं मिश्रण चावी लावताच एकदम पेटतं, सायलेन्सर फाटायला तेवढं पुरतं.

सकाळचा, सेल्फ फिरतानाचा, रेसवरचा, दिवे लावलेला आणि कॉइलवरचा, हे पाच आकडे लिहून पाठव. फटाका पुढून येतो की मागून, तेही लिही. मग कशाला हात घालायचा ते सांगतो.

तुझा,
विनायक