समुद्रावरच्या वाटेबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबा नुसतं ‘बरं’ म्हणाले असते, म्हणून लिहितेय. मोठी विमानं उडवायला होकार कळवला, सहीही झाली. आता बेस दिल्ली, फेऱ्या अटलांटिकवरून. मोपा विमानतळावर उतरून डिचोलीत जेवायला येणं वरचेवर जमणार नाही. पण रजा सलग मिळेल, आले की राहीन तरी. पगारासाठी नाही हं. म्हणजे, थोडं आहे. दिल्लीच्या खोलीवर पेजेसाठी उकडे तांदूळ आणि आईने दिलेली सोलं पोचलीत, उपाशी नाही राहत.

बाबा, जीपीएस जाम होतं ही बातमी पाहिल्यापासून तुम्हाला झोप नाही म्हणे. होतं ते, खोटं कशाला सांगू? पण आम्ही एकट्या जीपीएसवर विसंबत नाही. जमिनीवरची रेडिओ केंद्रं असतात, त्यातलं व्हीओआर दिशा सांगतं, डीएमई अंतर. किनाऱ्यापासून साधारण २०० सागरी मैलांपुढे त्यांचे सिग्नल पोचत नाहीत. तिथे विमानातलीच जायरोची यंत्रं कामाला येतात. कुठून निघालो, किती वळलो, वेग किती बदलला, यावरून ती बाहेर कुणाला न विचारता जागा काढतात. वीज गेल्यावर तुम्ही काळोखात पावलं मोजत विहिरीवर जाता ना, तसं. चूक मात्र साठत जाते, तासाला सुमारे एक सागरी मैल, म्हणून अशी यंत्रं एकाहून जास्त असतात आणि जीपीएसशी ताडून बघायची असतात. शिवाय साधं होकायंत्र आहेच. वळताना भरकटतं, सरळ गेलं की ताळ्यावर येतं.

जे.आर.डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून टपाल आणलं तेव्हा रेडिओसुद्धा नव्हता, हे तुम्हीच सांगितलेलं, दाभोळीच्या रस्त्यावर मला खांद्यावर बसवून. तुमच्या टोपीला घट्ट धरून बसायचे मी.

आणि ते विहिरीवर जाणं आता बंद. इन्व्हर्टर बुधवारी येतोय, परत पाठवायचा नाही. मोबाइलवर माझं विमान शोधत रात्र जागवू नका. त्या ॲपचे बरेचसे रिसीव्हर जमिनीवर असतात, भर समुद्रात विमान दिसेनासं होतं. म्हणजे काही झालं असं नाही. उतरले की मेसेज करेन, मग आईची वेळ कुठलीही असो.

आई, बाबांची बीपीची गोळी जेवल्यावर तू स्वतः दे, ‘घेतली’ म्हणतात त्यावर जाऊ नको. तुझ्या गुडघ्याचंही दाखवून घे, रागवत नाही, सांगतेय.

चवथीची रजा टाकलीय. नाहीच मिळाली तर गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला शेजारच्या मुलांना बोलवा. बाबांनी स्टुलावर चढायचं नाही.

तुमची,
बाय