निघण्याआधी फोनमध्ये एवढं करून ठेवा

ती. आई-बाबांस,
सा. न.

परक्या शहरात बस-मेट्रोने फिरायचं ठरवलंत, तर फोनमध्ये अ‍ॅप्सची जत्रा भरवू नका. रोजच्यासाठी गूगल मॅप्स. सिटीमॅपर मोजक्याच मोठ्या शहरांत चालतं, पण जिथे चालतं तिथे जरूर घ्या. मेट्रोच्या पुढच्या डब्यात बसावं की मागच्या, हेही ते अनेक ठिकाणी सांगतं, म्हणजे उतरल्यावर फलाटभर चालणं वाचतं. एका शहरातून दुसऱ्या शहरात कसं जाता येईल हे रोमटूरियोवर पाहा. मात्र त्यावरच्या वेळा आणि भाडं अंदाजापुरतं धरा. तिकीट काढताना रेल्वे किंवा बस कंपनीच्याच साइटवर खात्री करा.

गूगल मॅप्समध्ये ठिकाण टाकून ट्रेनच्या चिन्हावर गेलात की आधी पर्याय उघडा. आईच्या गुडघ्यांसाठी 'कमी चालणे' निवडा. सामान असेल तर 'कमी बदल' (म्हणजे कमी वेळा गाडी बदलणं) बरं, दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील. घरी बसून बेत आखताना 'आत्ता निघा' तसंच राहू देऊ नका. तुमच्याकडे दुपार असताना तिथे मध्यरात्र असू शकते, मग अ‍ॅप रात्रीच्या तुरळक गाड्या दाखवतं आणि वाटतं, इथे काही सोयच नाही. जायचा खरा दिवस आणि वेळ घाला. रविवारचं आणि सुट्टीचं वेळापत्रक बहुधा वेगळं असतं. रात्री परतायचं असेल तर शेवटची गाडी आधी बघून ठेवा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वेळेच्या आकड्याने. '४ मिनिटांत' असं दिसलं तरी दर वेळी ती गाडी खरंच कुठे आहे हे अ‍ॅपला माहीत असतंच असं नाही. वाहतूक संस्था गाड्यांची थेट माहिती देत असेल तर वेळ हिरव्या-लाल रंगात किंवा लहरींच्या छोट्या चिन्हासह दिसते. तसं काही नसेल तर तो नुसता छापील वेळापत्रकातला आकडा. मग पाच-सात मिनिटं आधी थांब्यावर जा, आणि गाडी आली नाही म्हणून लगेच दुसरा रस्ता धरू नका.

दुसरी चूक थांब्याची. एकाच नावाचे दोन थांबे रस्त्याच्या दोन बाजूंना असतात. चालायची वाट दाखवणारी ठिपक्यांची रेघ कुठल्या बाजूला संपते ते नकाशा मोठा करून पाहा, आणि बसच्या कपाळावरचं शेवटच्या थांब्याचं नाव अ‍ॅपशी जुळवा. नुसता नंबर जुळला म्हणून चढू नका, परतीच्या गाडीचाही नंबर बहुधा तोच असतो. भुयारी मेट्रोत तुमची जागा दाखवणारा निळा ठिपका अडकून बसतो, कारण खाली उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही. तिथे 'अमुक थांबे' वर बोट ठेवून यादी उघडा आणि स्टेशनं मोजा.

आता नेट. गूगलचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या, पण त्यात बस-मेट्रोचे मार्ग मिळत नाहीत, हे बऱ्याच जणांना ऐन वेळी कळतं. म्हणून दिवसभराच्या मार्गांचे स्क्रीनशॉट सकाळीच काढा. हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत असलेला एक फोटोही ठेवा, वाट विचारताना सरळ दाखवता येतो.

तिकिटाचं अ‍ॅप लागणार असेल तर ते घरूनच सुरू करा. ओटीपी इथल्या सिमवर येतो आणि तिथे ते सिम बंद असलं की सगळं अडतं. काही तिकिटं विकत घेतल्यावर वेगळी 'सुरू' करावी लागतात आणि मुदत तिथून मोजली जाते. ते गाडीत चढण्याच्या जरा आधी करा, हॉटेलात बसून नको. तिकिटाच्या स्क्रीनशॉटवर मात्र भरवसा नको, अनेक ठिकाणी तपासनीस अ‍ॅपमधलं हलतं तिकीटच मागतात. चढताना-उतरताना कार्ड टेकवायचं असेल तर दोन्ही वेळा तेच टेकवा. चढताना कार्ड आणि उतरताना फोन असं केलंत, तर यंत्राला ते दोन अर्धवट प्रवास वाटतात आणि जास्त पैसे कापले जातात. तुम्हा दोघांना दोन वेगळी कार्डं लागतील.

नकाशा सतत उघडा राहिला की बॅटरी भराभर उतरते. १०,००० एमएएचची पॉवर बँक न्या. बाबा, विमानात ती हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या सामानात चालत नाही.

तुमची लेक