कबड्डीचं गोल्ड आपलंच, पण नियम नक्की कोणता?

संपादक साहेब, नमस्कार.

एशियन गेम्सचा विषय निघाला की तुमच्यासकट सगळे पेपर एकच आकडा छापतात, 107. 2023 मध्ये चीनमधल्या हांगझोऊला 28 गोल्ड, 38 सिल्व्हर, 41 ब्राँझ आणि चौथा नंबर. जकार्ताला 2018 मध्ये 70 होती म्हणजे उडी मोठीच आहे, नाही कोण म्हणतंय. बीडच्या अविनाश साबळेनं स्टीपलचेस मारली, नागपूरच्या ओजस देवतळेनं तिरंदाजीत तीन गोल्ड आणली तेव्हा आम्ही पण दुकानात पेढे वाटलेत. पण त्या 28 मधली जी दोन कबड्डीची आहेत त्यांच्याबद्दल मला बोलायचंय, कारण ती कशी मिळाली हे लोक विसरून गेलेत आणि आता 2026 ला जपानमध्ये आयची-नागोयाला परत त्याच टीम समोर येऊ शकतात.

7 ऑक्टोबर 2023, शनिवार होता. सकाळी बायकांची फायनल, समोर चायनीज तैपेई. ह्याच टीमबरोबर पहिली मॅच 34-34 बरोबरीत सुटलेली त्यामुळे पोटात गोळा होताच, आणि शेवटी जिंकलो किती तर 26-25, एका पॉइंटनं. ते शंभरावं मेडल म्हणून दिवसभर टीव्हीवर नाचवलं, पण ज्या खेळाला आपण आपला बापजाद्यांचा म्हणतो त्यात तैपेईच्या पोरी आपल्याला एका पॉइंटपर्यंत आणतात यावर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत.

दुपारी पुरुषांची फायनल, इराण. सेमीला पाकिस्तानला 61-14 धुतलं होतं त्यामुळे सगळे निवांत. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, काउंटरवर मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून लावलेला, पाच-सहा गिऱ्हाईकं खिळे-बिजागऱ्या विसरून तिथंच उभी. 28-28, एक मिनिट आणि वर काही सेकंद बाकी, आणि आपला पवन सेहरावत डू ऑर डाय रेडला गेला, म्हणजे पॉइंट आणला नाही तर स्वतःच आऊट. कुणालाच टच न करता तो लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला, आणि त्याला ढकलायच्या नादात इराणचे डिफेंडर पण त्याच्यामागं लॉबीत घुसले. झालं! आता पॉइंट कुणाला?

आमच्याकडं एक काका येतात, वीस-पंचवीस वर्षं मातीवर पंच म्हणून शिट्टी वाजवलेले. ते म्हणाले टच नसताना लॉबीत पाय पडला की जेवढे गेले तेवढे आऊट, पवन पण गेला आणि ते पण गेले, संपला विषय. माझा दुकानातला पोऱ्या सतरा वर्षांचा, सगळी कबड्डी टीव्हीवरची प्रो कबड्डी लीग बघून शिकलेला, तो म्हणतो नाही काका, रेडर टच न करता लॉबीत गेला तिथंच रेड संपली, तोच एकटा आऊट, नंतर कोण कुठं गेलं ते मोजायचंच नाही. काका तापले, "अरे तुझा जन्म नव्हता तेव्हापासून मी पंच आहे!" आणि साहेब गंमत बघा, आमच्या काउंटरवर जे भांडण चाललं होतं अगदी तेच तिकडं मॅटवर पंचांमध्ये चाललं होतं. एकदा एक निर्णय, मग आपले चिडले की दुसरा, मग इराणवाले चिडले. दोन्ही टीम मॅटवर बसून राहिल्या, जवळजवळ तासभर खेळ बंद. शेवटी काकांच्याच नियमानं आपल्या बाजूनं लागलं आणि 33-29 नं जिंकलो. काकांनी माझ्याकडून चहा वसूल केला.

आता मी पण पूर्वी डिफेन्सला उजव्या कोपऱ्यात खेळलेला माणूस आहे, मला काकांचंच बरोबर वाटत होतं. पण रात्री डोक्यात आलं की पोऱ्या काही घरचा नियम सांगत नव्हता, ज्या नियमानं पवन स्वतः लीगमध्ये सीझनभर खेळतो तोच सांगत होता. इराणची पोरं पण त्याच लीगमध्ये तयार झालेली. त्यांचा कॅप्टन फझल अत्राचली आधी यू मुंबाला, मग पुणेरी पलटणला. फायनलनंतर दोन-तीन दिवसांत लिलाव झाला, त्यात त्यांच्या शादलुईला पुणेरी पलटणनं 2 कोटी 35 लाखाला घेतलं, आणि नगर जिल्ह्यातला आपला अस्लम इनामदार, जो फायनलच्या भारतीय टीममध्ये होता, त्याच्या कॅप्टनशिपखाली दोघांनी मिळून मार्च 2024 ला कप पण आणला. म्हणजे भांडण दोन देशांचं नव्हतंच हो, दोन पुस्तकांचं होतं. एक जुनं, एक टीव्हीवरचं. आणि हे गेम्सच्या आधी कुणीतरी बसून एक करायला नको होतं का? उद्या तेच उलटं होऊन आपण 29-33 नं हरलो असतो तर तुमच्या पहिल्या पानावर "अन्याय" छापून आलं असतं की नाही, खरं सांगा.

इराणला शिव्या देणाऱ्यांचं तर मला हसू येतं. जकार्ताला त्यांनी सेमीलाच आपल्याला 27-18 घरी पाठवलं, 1990 ला बीजिंगला कबड्डी आली तेव्हापासून लागोपाठ सात गोल्ड घेतलेली टीम ब्राँझवर आली. आणि तिथंच बायकांच्या फायनलला आपल्याविरुद्ध 27-24 नं जी इराणची टीम जिंकली तिची कोच कोण होती? आमच्या नाशिकच्याच शैलजा जैन. भारताच्या टीमची जबाबदारी आपल्याला मिळाली नाही याचं वाईट वाटलं होतं असं त्यांनी तेव्हा सांगितलंही होतं. तिकडं जाऊन त्यांनी पोरींना प्राणायाम शिकवला, त्यांची भाषा शिकल्या, आणि गोल्ड घेऊन आल्या. आपण काय केलं, तर दोन दिवस "नाशिकची कन्या" म्हणून फोटो छापले (तुम्ही पण) आणि विसरलो.

15 जुलैला कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जयंतीला कबड्डी दिन होतो, हारतुरे, भाषणं, 1936 ला अमरावतीच्या मंडळानं बर्लिनला जाऊन खेळ दाखवला ते प्रत्येक वक्ता सांगतो. चांगलंय, सांगा. पण त्याच दिवशी गावोगावच्या पंचांना एकत्र बसवून नवीन नियम मराठीत वाचून दाखवायला काय हरकत आहे? आमच्या भागात अजून मातीवर मॅच होतात, त्यात एक पंच लॉबीचा नियम असा लावतो, दुसरा तसा, आणि रात्री अकराला फ्लडलाइटखाली मारामाऱ्या होतात. तिथली पोरं पुढं मॅटवर गेली की पहिल्या मॅचला गोंधळतात. आडगावचा आकाश शिंदे आमच्याच भागातून गेला आणि हांगझोऊच्या टीममध्ये होता, म्हणून हे जास्त लागतं मनाला.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगणं की नागोयाच्या आधी तुमच्या रविवारच्या पानावर क्रिकेटचं अर्ध पान कमी करून कबड्डीचे सध्याचे नियम छापा, आकृती काढून, लॉबी कुठं, बोनस कुठं, टच नसताना कोण आऊट. (क्रिकेटचं गोल्ड तर त्याच दिवशी पावसामुळं रँकिंगवर मिळालं, त्याबद्दल मी बोलत नाही, ऋतुराज आपलाच आहे.) काका आणि पोऱ्या दोघंही अजून आपापल्या मतावर ठाम आहेत. कात्रण काउंटरच्या काचेखाली लावीन म्हणतो.

आपला,
एक जुना उजवा कोपरा, नाशिक