तुझ्या ‘खालच्या क्रिकेट’बद्दल

डोंबिवली,
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

परवा फोनवर म्हणालास, “कांगा लीगच्या एफ डिव्हिजनला काय क्रिकेट म्हणतात होय रे?” मुंबईच्या त्या पावसाळी लीगच्या खालच्या गटात आपण दोन मोसम काढले, तरी! तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. सुचलं ते आज सकाळी, मेथी निवडताना. म्हणून हे पत्र.

इंग्लंडचा जुना गोलंदाज सिडनी बार्न्स तुला आठवतच असेल. २७ कसोटी, १८९ बळी, सरासरी १६.४३. उंचापुरा, मध्यम-जलद गतीचा, आणि त्या गतीला बोटांनी चेंडू फिरवणारा. पण हा माणूस जन्मभर खेळला कुठे, ते बघ. स्टॅफर्डशायरकडून! ती मायनर काउंटी, म्हणजे खालच्या पायरीवरचा धाकटा परगणा-संघ. तिथले सामने दोन दिवसांचे, प्रथम श्रेणीत न धरलेले. इंग्लंडमध्ये या धाकट्या काउंट्यांची स्पर्धा १८९५ पासून चालू आहे. त्यात बार्न्सने घेतलेले बळी १४४१, सरासरी आठच्या आसपास. प्रथम श्रेणीत सगळे मिळून ७१९. म्हणजे ज्या खात्यावरून आपण त्याला मोठा म्हणतो, त्याच्या दुप्पट माल दुसऱ्याच वहीत पडलाय.

त्याला वर बोलावलं नाही असंही नाही. १९०१ साली तो बर्नली क्लबचा लीगमधला प्रोफेशनल, म्हणजे पगारी खेळाडू. इंग्लंडचा कर्णधार आर्ची मॅक्लारेनने त्याला नेटमध्ये खेळून पाहिलं आणि थेट ऑस्ट्रेलियाच्या बोटीत बसवलं. प्रथम श्रेणीचे सामने तोवर बोटांवर मोजण्याइतके. लोकांनी भुवया उंचावल्या असणारच. गड्याने पहिल्या दोन कसोटींत १९ बळी काढले. तिसऱ्या कसोटीत गुडघ्याने दगा दिला. पुढे लँकशायर या मोठ्या काउंटीकडून १९०२ आणि १९०३ असे दोन पूर्ण मोसम खेळला, मग पैशांवरून फिसकटलं आणि १९०४ पासून स्वारी स्टॅफर्डशायरला.

यात मला खरी गोडी हिशोबाची वाटते. मोठ्या काउंटीचा पगारी खेळाडू म्हणजे उन्हाळाभर आठवड्याचे सहा दिवस राबायचं. गोलंदाज असलास तर अंगाचं पिठलं होतं. लीगमध्ये शनिवारची एक दुपार, क्लबचे ठरलेले पैसे, आणि चांगली कामगिरी झाली की प्रेक्षकांत फिरवलेल्या पेटीतली चिल्लर वेगळी. मधल्या दिवसांत कोळशाच्या खाणीच्या कचेरीत कारकुनी. अधूनमधून स्टॅफर्डशायरचा सामना. आपल्या चाळीतल्या कुठल्याही काकांनी हाच निर्णय घेतला असता, नाही का?

स्वभावाने मात्र खाष्ट. १९१३-१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत चार कसोटींत ४९ बळी, एका मालिकेतला तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. आणि पाचवी कसोटी? खेळलाच नाही! पैशांवरून खटका उडाला म्हणून. मला वाटतं, ज्याला शनिवारी दुसरीकडे भाकरी मिळते, त्यालाच असं रुसायला परवडतं.

वयाचं तर सांगूच नको. १९२८ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, वेल्सकडून लँडुडनोला वेस्ट इंडीजचे १२ गडी ११८ धावांत उडवले. स्टॅफर्डशायरकडून १९३५ पर्यंत खेळला, म्हणजे वय बासष्ट. आपण चाळिशीतच वाकताना गुडघ्यावर हात ठेवायला लागलो होतो.

आणि एक गंमत. तो सुरुवातीला ज्या रिश्टन क्लबचा प्रोफेशनल होता, तिथेच १९५०च्या दशकात आपला लेगस्पिनर सुभाष गुप्ते प्रोफेशनल म्हणून खेळला. शिवाजी पार्कावर आपण ज्याच्या गोष्टी ऐकत वाढलो तो गुप्ते! त्याला कुणी खालचं क्रिकेट खेळला म्हणालं असतं, तर तूच पहिला अंगावर धावून गेला असतास.

म्हातारपणी बार्न्स काउंटी कौन्सिलच्या कचेरीत दस्तऐवज सुंदर अक्षरात लिहायचा. १९५७ मध्ये राणी स्टॅफर्डला आली, तेव्हा तिला द्यायचा लेख याच माणसाने हाताने लिहिला. चेंडू फिरवणारी तीच बोटं, वय ऐंशीच्या पुढे.

तुझं अक्षर कोंबडीच्या पायांचं, हे मान्य. तरी त्या दोन मोसमांची स्कोअरची वही तूच भरायचास ना? माळ्यावर असेल. आझाद मैदानावर चिखलात मी घेतलेल्या त्या पाच बळींचं पान शोध आणि फोटो पाठव. पाच होते की चार, यावर बायकोशी पैज लागली आहे.

तुझा,
अण्या